चार्जर लावला की स्पीकरमधून घरघर, तीही चढ्या पांढरी पाचमध्ये

तंबोरा_मिरज:
मी गाणं शिकवतो, परगावच्या मुलांसाठी बंदिशी घरीच रेकॉर्ड करून पाठवतो. लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि लॅपटॉपचा स्पीकरला देणारा डबा) आणि दोन पॉवर्ड स्पीकर, एवढाच संसार. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकर घरघरायला लागतात. पेटीवर ताडून पाहिलं: पांढरी पाचला लागते, पण किंचित चढी. शिवाय माउस हलवला की वर बारीक कुई कुई. चार्जर काढला की दोन्ही बंद. गंमत म्हणजे इंटरफेसलाच हेडफोन लावला तर काही ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगही स्वच्छ. मुलांना त्रास नाही, मला आहे; तानपुऱ्याचा खर्ज नीट कळत नाही. स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या प्लगवर आहेत, मधल्या वायरी साध्या मोनो. एकाने सुचवलंय, स्पीकरच्या प्लगच्या जाड पिनेवर टेप गुंडाळा. गुंडाळू का?

नवाकोरा:
इंटरफेस बदला. स्वस्तातल्यात असं होतंच.

जुना_रेडिओवाला:
बुवा, टेप अजिबात नको. ती जाड पिन अर्थची. उद्या स्पीकरच्या आत फेज बॉडीला टेकली तर फ्यूज उडणार नाही, बॉडीत करंट तसाच राहील आणि हात लावणारे तुम्हीच.

इंटरफेसही बदलू नका. हेडफोन शांत आहे म्हणजे तो ठणठणीत. तुमचे कानसुद्धा! आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100. त्या सप्तकातली पांढरी पाच 98 हर्ट्झची. चढी लागणारच.

चार्जर तीन पिनांचा असणार. त्याची अर्थ लॅपटॉपच्या ग्राउंडला, तिथून यूएसबीच्या वायरीने इंटरफेसला, पुढे ऑडिओ वायरच्या जाळीतून स्पीकरला आणि स्पीकरच्या पिनेतून परत भिंतीत. कडं पूर्ण झालं. दोन प्लगांच्या अर्थमध्ये जरासा फरक असला तरी त्यातून करंट फिरतो, आणि लॅपटॉपच्या आतली खुडबुडही त्याच वाटेने बाहेर पडते. ती तुमची कुई कुई. मोनो वायरीत जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे स्पीकर हा करंटसुद्धा गाणं समजून वाजवतो. हेडफोनला अर्थच नाही, म्हणून कडंही नाही.

आधी सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. मग इंटरफेस आणि स्पीकर दोन्हींवर ‘बॅलन्स्ड’ लिहिलंय का बघा. असेल तर टीआरएस वायरी घ्या. जॅकवर दोन काळ्या रेघा असतात, मोनोला एकच. त्यात सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि स्पीकर फक्त दोन्हींतला फरक वाजवतो. दोन्ही तारांवर सारखीच आलेली घरघर वजा होते. बॅलन्स्ड नसेल तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; तो आवाज पुढे देतो, पण कडं तोडतो. तेच कडं यूएसबीच्या वायरीत तोडणाऱ्या यूएसबी आयसोलेटरच्या नादी लागू नका: स्वस्तातले बरेचसे सेकंदाला 12 मेगाबिट एवढ्याच वेगाचे असतात, तुमचा इंटरफेस त्यावर चालेलच असं नाही.

एडिसनकर:
तुमची घरघर निदान सुराच्या आसपास आहे. इथे न्यू जर्सीत वीज 60 हर्ट्झची, घरघर 120 वर: काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये. कुठल्याच रागात बसत नाही. माझीही टीआरएसनेच गेली.

तंबोरा_मिरज:
बोर्ड एक केल्यावर घरघर बरीच उतरली, कुई कुई तशीच होती. वायरी बदलल्या आणि दोन्ही गेल्या. आभार! आता वेगळंच. पंखा दोनवर ठेवला की माइकमध्ये टर्र येते, पाचवर येत नाही.

जुना_रेडिओवाला:
आधी पंख्याखाली उभं राहून नुसत्या कानांनी ऐका. ऐकू आली तर ती मोटरचीच, माइक बिचारा खरं तेच सांगतोय. नाही आली, तर माइकची वायर स्विचबोर्डापासून लांब न्या. दोन्हींचं मूळ बहुधा रेग्युलेटरच. सलग फिरणारा आहे ना? त्यातला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच विजेची प्रत्येक अर्धी लहर कापतो, सेकंदाला शंभर झटके. पाचवर तो जवळपास पूर्ण लहर सोडतो, म्हणून गप्प. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घ्या. वायरमन येईलच, त्याच्याकडून घराचं अर्थिंगही तपासून घ्या.