वसंताच्या तोंडावर ग्रीनची पहिली कापणी, खत आणि रोलर: सुरुवात केव्हा करावी?

नवा_ग्रीनकीपर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेल्या शरद ऋतूत अठरा होलच्या एका गोल्फ कोर्सच्या गवताची जबाबदारी माझ्याकडे आली, त्यामुळे हिवाळ्यातून बाहेर पडणारे गवत स्वतःच्या निर्णयावर सांभाळण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या गवतावर, क्रीपिंग बेंटग्रास असून त्यात पोआ ॲन्युआ या तणगवताने बराच शिरकाव केला आहे. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या खेळाच्या पट्ट्यावर, केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास यांचे मिश्रण आहे. बर्फ वितळून दोन आठवडे झाले. दुपारी हवेचे तापमान 12-13 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, रात्री ते शून्याच्या आसपास उतरते आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे गवतावरचे दव गोठलेले असते.

आधीच्या प्रमुखांनी मागे ठेवलेल्या वहीत सगळ्या कामांच्या तारखा आहेत: पहिली कापणी अमुक दिवशी, त्यानंतर पाच दिवसांनी खत, त्यानंतर आठवड्याभरात जमिनीला छिद्रे पाडणे. यंदा गवत त्या वहीप्रमाणे वागायला तयार नाही. दुसरीकडे, दोन उबदार दुपारी अनुभवल्यापासून समितीचे सदस्य ‘ग्रीन अजून इतके संथ का?’ असे रोज विचारू लागले आहेत.

माझ्या शंका अशा आहेत. पहिली कापणी केव्हा आणि किती उंचीवर करावी? नत्राचा पहिला हप्ता आत्ताच द्यावा का? रोलर फिरवण्यास हरकत आहे का? शिवाय दोन ग्रीनवर बशीएवढे फिकट डाग पडले असून त्यांच्या कडेला गुलाबी झाक आहे. त्यांवर बुरशीनाशक फवारावे लागेल का?

जुना_मोवर यांचे उत्तर

वही कपाटात ठेवा आणि मातीत थर्मामीटर खुपसा. पाच सेंटीमीटर खोलीवर, रोज सकाळी एकाच वेळी, एक उन्हातले आणि एक सावलीतले असे दोन ग्रीन निवडून आठवडाभर नोंद घ्या. हवा दुपारी कितीही उबदार वाटली तरी गवताची मुळे मातीच्या तापमानावर चालतात, आणि माती हवेच्या कितीतरी मागे रेंगाळते.

थंड हवामानातल्या गवतांच्या मुळांना साधारण 10 ते 18 अंशांची माती मानवते, तर पात्यांची जोमदार वाढ 15 ते 24 अंशांच्या दरम्यान होते. म्हणजे वसंतात काही आठवडे असे मिळतात की वर फारसे काही दिसत नाही, पण खाली मुळे भराभर वाढत असतात. वर्षभराच्या मुळांची कमाई मुख्यतः याच दिवसांत होते आणि नेमक्या याच दिवसांत आपण हिरवेपणाच्या घाईने नत्राचा मोठा हप्ता दिला, तर गवत साठवलेले अन्न पात्यांवर उधळते, मुळे आखूड राहतात आणि त्याची किंमत उन्हाळ्याच्या पहिल्या कडक आठवड्यात मोजावी लागते. मोवरच्या (गवत कापण्याच्या यंत्राच्या) पेटीत सलग दोन कापण्यांमध्ये मूठ-दोन मूठ गवत जमू लागले की मगच दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र, तेही फवारून, एवढ्यावर मी सुरुवात करतो.

पहिल्या कापणीला मी कापणी म्हणतच नाही, ते शेंडे टिपणे असते. मोवर साडेचार ते पाच मिलिमीटरवर ठेवावा आणि पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कधीही काढू नये. पुढे वाढ नियमित झाली की पाव-पाव मिलिमीटरने खाली येत तीन-साडेतीनवर पोहोचण्यास महिना लागला तरी चालेल. एक सूचना मात्र आवर्जून करतो: हिवाळ्यापूर्वी ग्रीनवर वाळू पसरली असेल, तर तिचे कण अजून पात्यांमध्ये असतात आणि नुकतीच धार लावलेली रील (मोवरचा फिरत्या पात्यांचा दंडगोल) ते एका सकाळीत बोथट करतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी जुनी रील वापरा. नवी चढवाल तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी रील आणि खालच्या पात्यामध्ये धरून ती पूर्ण रुंदीभर स्वच्छ कापली जाते का, हे पाहा.

गोठलेल्या दवाबद्दल मी हट्टी आहे, आणि त्यास कारण आहे. कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी स्वतः सकाळी घाईने होलची जागा बदलण्यासाठी एक ग्रीन ओलांडून गेलो. पायाखाली काचेचा चुरा दाबल्यासारखा आवाज आला, त्याकडे लक्ष दिले नाही. दोन दिवसांनी माझ्या बुटांचे ठसे आधी काळसर आणि मग वाळल्या काडीच्या रंगाचे होऊन ग्रीनवर उमटले: कडेपासून होलपर्यंत सतरा आणि परतीचे सोळा. पात्यातले पाणी गोठलेले असताना वरून दाब आला की पेशी फुटतात. गवताचा बुंधा सहसा वाचतो, परंतु मातीच थंड असल्याने नवी पाती येईपर्यंत तीन आठवडे ते ठसे येणारा-जाणारा प्रत्येकजण मोजत होता. दव आपोआप वितळेपर्यंत ग्रीनवर कोणीही पाऊल ठेवायचे नाही, आपणही नाही.

वाळू_आणि_वाफसा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण दवापेक्षाही जास्त नुकसान करणारी एक गोष्ट त्यात राहून गेली. बर्फ गेल्यानंतर वरची चार-पाच सेंटीमीटर माती सुटते आणि तिच्याखालचा थर गोठलेलाच असतो. वितळलेल्या पाण्याला खाली जाण्यास वाट नसते, त्यामुळे वरचा थर चिंब होतो आणि गोठलेल्या थरावर अक्षरशः सरकतो. अशा वेळी चालणाऱ्याच्या प्रत्येक वळणाबरोबर मुळे कातरल्यासारखी तुटतात, आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हर किंवा लोखंडी सळई ग्रीनमध्ये चार ठिकाणी हाताने दाबून पाहा. ती कुठे टणकन अडली, तर तो ग्रीन बंद ठेवायचा. त्यावर चर्चा नको.

खालचा थर पूर्ण सुटला आणि जमिनीला वाफसा आला, की रोलर अवश्य फिरवा. गोठण्या-वितळण्याने माती फुगून आलेली असते, ती बसवल्याशिवाय खालच्या उंचीवर मोवर चालवला तर उंचवट्यांवरचे गवत खरवडले जाते. हलका रोलर आठवड्यातून दोन-तीन वेळा फिरवल्याने चेंडूचा वेगही वाढतो, आणि त्यासाठी कापणीची उंची एका केसानेही कमी करावी लागत नाही. समितीला देण्यासाठी हे तुमच्याकडचे सर्वात चांगले उत्तर आहे. माती पाणथळ असताना मात्र तोच रोलर तुमचा शत्रू ठरतो.

वेगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 मध्ये ग्रीनवर चेंडू किती दूर घरंगळतो हे मोजणारा स्टिम्पमीटर तयार केला आणि पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तो सुधारून क्लबांच्या हाती दिला, त्यामागचा हेतू एकाच कोर्सवरचे सर्व ग्रीन सारखे आहेत की नाहीत हे तपासण्याचा होता. शेजारच्या कोर्सशी आकड्यांची शर्यत लावण्याचे खूळ नंतरचे. यंदाच्या वसंतात तुमचे उन्हातले आणि सावलीतले ग्रीन एकमेकांच्या जवळ आणता आले, तरी पुष्कळ झाले.

छिद्रांच्या बाबतीत माझे मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळे आहे. कोर्स रिकामा असतो म्हणून वसंताच्या अगदी आरंभी मातीचे गाभे (पोकळ सुळ्यांनी मातीचे छोटे दंडगोल) काढण्याची पद्धत सर्रास दिसते. पण वाढच सुरू झालेली नसताना 12 मिलिमीटरची भोके भरून कोण काढणार? ती पाच-सहा आठवडे तशीच उघडी राहतात, आणि थंड मातीत रुजण्यास सर्वात आधी तयार असलेले बी पोआ ॲन्युआचे असते. म्हणजे जिला आवरायचे, तिलाच आपण जागा करून देतो. सध्या सहा-सात मिलिमीटरचे भरीव सुळे वापरून हवा आणि पाणी यांना वाट द्या. गाभे काढणे आणि त्यावर वाळू भरणे हे काम माती 13-14 अंशांवर स्थिरावून कापणीला नियमितपणा आल्यावर करा.

जुना_मोवर

या शेवटच्या मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. ज्या ग्रीनवर पावसाचे पाणी तासन्‌तास उभे राहते आणि काडीकचऱ्याचा थर बोटभर जाड आहे, तिथे मी पोआचा धोका पत्करूनही गाभे लवकर काढतो, कारण हवा न मिळाल्याने कुजलेली मुळे उन्हाळ्यापर्यंत तग धरत नाहीत. प्रश्नकर्त्यांनी होल पाडण्याच्या कटरने एक गाभा काढून पाहावा. मुळे पांढरी आणि बोटाइतकी लांब असतील तर वाळू_आणि_वाफसा यांचे ऐकावे; तपकिरी, आखूड आणि गाभ्याला कुजका वास येत असेल तर माझे.

बुरशी_निरीक्षक यांचे उत्तर

आपण वर्णन केलेली गुलाबी कड मायक्रोडोकियम बुरशीकडे बोट दाखवते. तिला बर्फाची गरज नसते. थंड आणि ओली हवा तिला पुरते. बर्फाखाली दीर्घकाळ दबलेल्या गवतावर येणारी टायफ्युला वेगळी असून तिच्या डागांत, वाळलेल्या पात्यांवर, मोहरीपेक्षाही लहान असे तपकिरी किंवा काळे कण दिसतात. भिंगाने पाहून खात्री करून घ्या.

फवारणीचा निर्णय घाईने करू नका. डागाच्या कडेला चारही बाजूंना टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचा आणि चार दिवसांनी पाहा. कड टीच्या बाहेर सरकली असेल आणि हवा थंड-ओलीच राहणार असेल, तर बुरशीनाशकाचा उपयोग आहे. वापरताना त्याच्या लेबलवरील प्रमाण काटेकोरपणे पाळावे. कड जागच्या जागी असेल, तर चिकटून बसलेले गवत हलक्या दाताळ्याने उठवून तिथे हवा खेळू द्यावी, कारण बुंधा जिवंत असलेला डाग वाढीबरोबर स्वतःच भरून निघतो. या रोगाचा खरा बंदोबस्त हिवाळ्यापूर्वीच्या फवारणीत असतो, ही गोष्ट पुढच्या वर्षीसाठी वहीत लिहून ठेवावी.

पाइप_आणि_झडपा यांचे उत्तर

गवताच्या गडबडीत सिंचनाची व्यवस्था विसरू नका. हिवाळ्यात रिकामे केलेले पाइप भरताना मुख्य झडप एकदम उघडली, तर आत कोंडलेली हवा आणि धावत येणारे पाणी यांच्या धडकेने सांधे निखळतात. सर्वात उंचावरच्या झडपा आणि टोकाचे फवारे उघडे ठेवून पाणी अगदी संथपणे सोडावे. हवा फुरफुरत निघून गेली आणि अखंड धार लागली, की एकेक बंद करत यावे. यात अख्खा दिवस जातो, तो जाऊ द्यावा. थंडीत पाणी कशाला लागते, असा समज असतो; परंतु कोरडा वारा सुटलेल्या दिवसांत ग्रीनच्या उंच कडा, मुळे अजून आळसावलेली असताना, उन्हाळ्यासारख्या वाळतात. तिथे दुपारी नळीने हाताने थोडे पाणी द्यावे.

हरळीवाला

आमच्या फेअरवेवर बर्म्युडा म्हणजे हरळी आहे. वरचे आकडे तिलाही लागू होतात का?

वाळू_आणि_वाफसा

नाही. हरळी दहा सेंटीमीटर खोलीवरची माती साधारण 18 अंशांवर आल्याशिवाय नीट जागी होत नाही, त्यामुळे तुम्हाला अजून थांबावे लागेल. तण मात्र तिच्या आधी उठते. क्रॅबग्रासचे बी वरच्या थराचे तापमान काही दिवस सलग 13 अंशांच्या आसपास राहिले की रुजू लागते, म्हणून उगवणपूर्व तणनाशक त्याआधी पडलेले हवे. ज्या पट्ट्यात नवे बी पेरायचे आहे तिथे ते टाकू नका. ते बी ओळखत नाही, सगळ्यांचेच अंकुर रोखते.

नवा_ग्रीनकीपर

सर्वांचे आभार. आठवड्याच्या नोंदी अशा आहेत: उन्हातल्या ग्रीनची माती सकाळी 9.5 अंश, सावलीतल्या ग्रीनची 5.5. सावलीतल्या ग्रीनमध्ये सळई अकरा सेंटीमीटरवर अडली, त्यामुळे तो बंद केला आहे. उन्हातल्या ग्रीनचा गाभा काढला तेव्हा मुळे आखूडच, पण पांढरी निघाली आणि त्यांना नवी टोके फुटलेली दिसली. डागांच्या कडा चार दिवसांत टीच्या आतच आहेत. खताची पोती तशीच ठेवली आहेत. समितीला मी मातीच्या तापमानाचा तक्ता दाखवला आणि रोलरची योजना सांगितली. तक्त्याने प्रश्न कमी झाले नाहीत, पण निदान ते आता ‘माती किती अंशांवर आली?’ असे विचारतात.

एक शेवटची शंका: बंद ग्रीनऐवजी खेळाडूंना कुठे पाठवावे?

जुना_मोवर

त्या ग्रीनच्या अलीकडे फेअरवेवरच सपाट, पाणी न साचणारी जागा पाहून तात्पुरता ग्रीन आखा. तिथली उंची एकदम उतरवू नका, दोन-तीन कापण्यांत दहा-बारा मिलिमीटरपर्यंत आणा, रोलर फिरवा आणि होल नेहमीच्या 108 मिलिमीटरऐवजी मोठ्या व्यासाचा ठेवा, म्हणजे उडत्या चेंडूबद्दलच्या तक्रारी निम्म्या होतात. झेंडा बंद ग्रीनवरून आजच काढून घ्या, कारण झेंडा दिसला की दोरी ओलांडून लोक तिकडे जातातच.