'नोटिस केलं'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई (नौपाडा): मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करतेय. आजीचे हात थरथरतायत हे नातू 'नोटिस' करतो. 'दिसलं' लिहिलं तर नुसते डोळे झाले. 'जाणवलं' म्हणजे हात हातात घेतल्यासारखं. 'लक्षात आलं'वर लेक म्हणाली, "त्याला अजून काही कळलेलं नाहीये गं आई. सरळ 'नोटिस केलं' लिही." मला ते लिहवत नाही.

ओवळेकर: लिहूही नका. नोटीस म्हणजे पाणी बंद, थकबाकी, नाहीतर वकिलाचा कागद. 'टिपलं' लिहा.

ऐरोली: टिपण्यात हेतू आला. 'हेरलं'मध्ये तर हेरच बसलाय. इंग्रजीत माणूस नोटिस 'करतो'. आपल्याकडे गोष्टच माणसाकडे येते. लक्षात येते, नजरेस पडते, कानावर येते. अडचण शब्दाची नाही, कर्त्याची आहे.

जुना वाचक: नोटीस मूळ लॅटिन 'नोटिशिया', म्हणजे ओळख, माहिती. त्यातला धातू आपल्या 'ज्ञा'चा भाऊबंद, म्हणजे 'जाणणे' आणि 'नोटीस' एकाच कुळातले. आणि हा वाद इंग्रजीतही झालाय. १७८९ साली बेंजामिन फ्रँकलिननं कोशकार नोआ वेब्स्टरला पत्रातून कळवलं होतं की 'नोटिस' या नामाचं क्रियापद केलेलं त्याला खटकतं. 'अ‍ॅडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस'बद्दलही तीच तक्रार.

ओवळेकर: बघा, फ्रँकलिनलाही खटकलं होतं!

जुना वाचक: खटकलं, पण ऐकलं कोणी? तिन्ही क्रियापदं आज बिनबोभाट चालतात. रानजाईंची लेक तेच करतेय.

ओवळेकर: त्यांनी स्वतःच्याच शब्दाचं क्रियापद केलं. आपण घरचे चार शब्द अडगळीत टाकून उसना आणतोय. हे एक कसं?

बेलापूर गाव: आमच्या आगरी घरात आजी विचारायची, "ध्यानान आयला का?" खाडीचं पाणी चढायला लागलं, आभाळ भरलं, सून जेवली नाही, सगळं तिच्या 'ध्यानान' यायचं. समजण्याच्या आधीची पायरी ती हीच. नातवाला हाच शब्द द्या.

ऐरोली: शहरातल्या मुलाला 'ध्यानात आलं' म्हणजे 'समजलं'च वाटेल.

जुना वाचक: 'ध्यान'चा प्रवास मोठा आहे. मूळ 'ध्यै', चिंतन करणे. विठ्ठलाचं रूप तेही ध्यान, आणि गबाळ्या माणसाला "काय ध्यान आहे!" म्हणतो तेही ध्यान.

रानजाई: 'आजीचे हात थरथरत होते. नातू बघत राहिला.' असं केलं तर?

ऐरोली: 'बघत राहिला' फार लांबतं. मूळात एक क्षण आहे.

बेलापूर गाव: पण देवाचं ध्यान गबाळं कधी झालं? आमच्याकडे हा दुसरा अर्थ मी कधीच ऐकला नाही.