एस्टोनियन टिकली, आफ्रिकान्स मागे सरतेय. असं का?

रानवाट:
एस्टोनियन बोलणारे जेमतेम ११ लाख. आफ्रिकान्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डचमधून घडलेली भाषा, ती मातृभाषा असलेले सुमारे ७० लाख. तरी एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात १९१९ पासून एस्टोनियनमधून शिकवतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाने २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकान्स माध्यम बंद केलं. माझ्या मते भाषेला स्वतःचं राज्य लागतं. सोव्हिएत काळात बाहेरून इतके लोक येऊन वसले की १९८९ साली एस्टोनियातच एस्टोनियन लोक ६२ टक्क्यांवर आले होते. त्याच वर्षी जानेवारीत, स्वातंत्र्याच्या अडीच वर्षं आधी, त्यांनी राजभाषेचा कायदा करून घेतला! आफ्रिकान्सला असा आधार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १२ अधिकृत भाषांतली ती एक. नामिबियात १९९० साली तो दर्जाही गेला.

भरतीओहोटी:
आधार नव्हता? १९४८ ते १९९४ दक्षिण आफ्रिकेत सरकार कुणाचं होतं मग? वर्णभेद चालवणाऱ्या आफ्रिकान्स भाषक गोऱ्यांचंच ना? सगळी सत्ता हातात होती, आणि तिनेच घात केला. काळ्या मुलांनी निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकावेत असा १९७४ चा हुकूम निघाला. १६ जून १९७६ ला सोवेटोची, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली, शाळकरी मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर त्या भाषेबद्दल लोकांना माया कशी वाटावी?

पाणपोई:
तुम्ही दोघंही ती फक्त गोऱ्यांची भाषा धरून बोलताय. आज ती बोलणारे बहुसंख्य गोरे नाहीत. केपमध्ये, म्हणजे केप टाउनच्या परिसरात, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या तोंडीही ती घडली. 'खूप' या अर्थाचा 'बाया' आणि केळ्याचा 'पीसांग' हे शब्द मलायमधून आले. एकोणिसाव्या शतकात केपच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहीत! केप टाउनलगतच्या केप फ्लॅट्स वस्त्यांतले लोक आजही 'काप्स' ही आफ्रिकान्सची बोली बोलतात, आणि प्रमाण आफ्रिकान्सवाले त्यालाच अशुद्ध म्हणत आले. भरतीओहोटी, विद्यापीठाचं दार बंद झालं ते या मुलांसाठीही. सोवेटोचा हिशेब त्यांच्याकडून का चुकता करायचा?

रानवाट:
१९४८ चा मुद्दा मान्य, माझं वाक्य चुकलं. राज्य असून भागत नाही, ते सगळ्यांचं असावं लागतं. पण मग काप्स बोलणाऱ्यांना शाळा कोण देणार? शेवटी सरकारच ना?

भरतीओहोटी:
पाणपोई, त्या मुलांचं पटलं. पण मग नार्वाही बघा. रशियाच्या सीमेवरचं एस्टोनियन शहर, जवळजवळ सगळं रशियन बोलणारं. २०२४ पासून तिथे पहिली आणि चौथीचे वर्ग एस्टोनियनमधून सुरू झाले, २०३० पर्यंत सगळी शाळा तशी होणार. शिक्षक मात्र कमी पडतायत.

रानवाट:
नार्वाला सोवेटोशेजारी बसवू नका. तिथे अल्पसंख्य राज्यकर्त्यांची भाषा बहुसंख्यांवर लादली होती. इथे मूल स्वतःच्या देशातल्या बहुसंख्यांची भाषा शिकतंय, आणि मतदानही तेच करणार आहे.

पाणपोई:
संसदेचं मतदान अठराव्या वर्षी. चौथीतल्या मुलाला गणित मात्र आज समजायला हवं, आणि घरी मदत करणाऱ्या आजीला एस्टोनियन येत नाही.