कंपोनंट स्पीकरला ॲम्प कोणता घेऊ, जाणकारांनी सांगा

ए-२०३ : नमस्कार मंडळी, विषय सोसायटीचा नाहीये पण गाडीतलं कळणारे दोनतीन जण आहेत ग्रुपवर म्हणून इथेच विचारतो. दिवाळीला साडेसहा इंची कंपोनंट घेतले, म्हणजे दारात जाड आवाजाचा वूफर, वर काचेच्या कोपऱ्यात बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर आणि मधे दोघांना आपापला आवाज वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. बसवून महिना झाला. कंपनीच्या टचस्क्रीनवरच चालवतोय आणि जुन्या स्पीकरपेक्षा फार काही फरक वाटत नाही, हायवेला तर उलट दबल्यासारखा आवाज येतो, वाढवला की कर्कश होतो. दुकानात विचारलं तर म्हणाला २००० वॅटचा ॲम्प, म्हणजे स्पीकरला जास्त जोर देणारा वेगळा डबा, टाका, वायरिंगसकट ८ हजारात करून देतो. टाकू का?

बी-५०२ : थांब, लगेच पैसे देऊ नकोस. त्या ॲम्पच्या बाजूला फ्यूज असतो बघ, रंगीत प्लास्टिकचा, तो किती अँपिअरचा आहे? आणि स्पीकरच्या डब्यावर आरएमएस, म्हणजे सलग पेलतील तेवढे खरे वॅट, किती लिहिलंय?

ए-२०३ : ॲम्पचा फोटो काढलाय काका, २५ चा एकच फ्यूज दिसतोय. क्लास एबी प्रकारचा, चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर वेगवेगळे जोडता येतात. स्पीकरवर मोठ्या अक्षरात ३६० वॅट मॅक्स, खाली बारीक आरएमएस ६०, ४ ओहम.

बी-५०२ : आता हिशोब कर. २५ अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, इंजिन चालू असताना बॅटरीला साधारण एवढं मिळतं, झाले ३४५ वॅट. बॅटरीतून सलग यापेक्षा जास्त ओढायला गेला तर फ्यूज उडणार. क्लास एबी त्यातलं साधारण ५० ते ६० टक्केच आवाजात बदलतो, बाकी सगळी उष्णता. म्हणजे आले फार तर २०७ वॅट, चार चॅनलमधे वाटले की चॅनलला पन्नासच्या आसपास. २००० कुठून आले? छापले म्हणून आले. अंबडला मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधे आयुष्य काढलं, कुठल्याही मशीनचं पाटीवरचं बोलणं ऐकायच्या आधी फ्यूज बघायचा ही सवय तिथली.

सी-३०४ : काका भारी. माझ्या टचस्क्रीनवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलंय ते पण असंच का मग?

बी-५०२ : तसंच. डॅशबोर्डमधल्या सिस्टिमच्या आत छोटी चिप असते, तिचा खरा सलग जोर चॅनलला १५ ते २० वॅट. म्हणून तर ए-२०३ चे स्पीकर दबल्यासारखे वाजतायत, त्यात स्पीकरचा दोष नाही. ६० वॅट पेलणाऱ्याला १८ वॅट देतोयस आणि हायवेला टायरचा आवाज, वाऱ्याचा आवाज त्यावर चढतोय, मग तू व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेतोस आणि तिथे चिप दमते. दमली की आवाजाची लाट वरून सपाट कापली जाते, तिला क्लिपिंग म्हणतात, कर्कश ऐकू येतं ते हेच. आणि त्या कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीतला नको तेवढा जोर तयार होतो तो थेट ट्वीटरला जातो. लोक म्हणतात जास्त वॅटने ट्वीटर जळला, अरे बऱ्याचदा कमी वॅटचा ॲम्प जास्त ताणल्याने जळतो. माझ्या जुन्या व्हॅनमधे मी स्वतः घालवलाय, घाटात आवाज चढवून ठेवला होता, खाली कसाऱ्याला येईपर्यंत उजवा ट्वीटर मुका. उघडून बघितला तर तारेचा वेढा काळा पडलेला, केसाएवढी तार असते ती.

ए-२०३ : बापरे. मग मी आज आवाज कमीच ठेवतो. घ्यायचा कोणता पण?

बी-५०२ : दोन चॅनलचा घे किंवा चार चॅनलचा, पण ४ ओहमला चॅनलमागे आरएमएस ६० ते ७५ असा लिहिलेला. तुझ्या स्पीकरच्या आरएमएसएवढा किंवा थोडा वर. थोडा वर असला तर चांगलंच, निवांत चालतो, कापाकापी होत नाही. आणि डब्यावर किंवा माहितीपत्रकात सीईए-२००६ असं लिहिलंय का बघ. त्या पद्धतीने मोजलेला आकडा म्हणजे १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, १ टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजलेला, एकाचा दुसऱ्याशी मेळ तरी लागतो. बाकीच्यांचे मॅक्स, पीक वगैरे आकडे बघूच नकोस.

ए-२०३ : १०० वाला घेतला तर जास्त दणका नाही का बसणार?

बी-५०२ : ५० चे १०० केलेस तरी कानाला ३ डेसिबलच वाढ, म्हणजे जरासं वाढलं एवढंच कळेल. दुप्पट आवाज वाटायला साधारण १० पट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमधे किती मोठा वाजतो ते, बघायची असते घेताना, ८८ डेसिबलऐवजी ९१ असेल तर अर्ध्या वॅटमधे तोच आवाज. तुझे घेऊन झालेत, असो, चांगलेच आहेत.

डी-४०२ : मी रोज इगतपुरीला जाते नोकरीला, जातायेता बातम्या नाहीतर जुनी गाणी ऐकते, स्पीकर कंपनीचेच आहेत. मला लागेल का हो ॲम्प?

बी-५०२ : नाही ताई, तुम्हाला नाही लागणार. बोलणं स्पष्ट ऐकू यायला ॲम्प लागत नाही. तुम्ही फक्त पुढच्या दोन दारांना आतून ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबरासारखी, शीट लावून घ्या, दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करून. बाहेरचा आवाज कमी होईल आणि आहेत तेच स्पीकर भरीव वाजतील. खालची पाणी जायची भोकं मात्र अजिबात बुजवू देऊ नका, इगतपुरीच्या पावसात दारात पाणी साचून पत्रा सडेल. ए-२०३ तू पण हे आधी कर, ॲम्पच्या आधी.

डी-४०२ : धन्यवाद काका, ॲम्पचे पैसे वाचले माझे

सी-१०१ : मी मधे बोलते, राग मानू नका कोणी. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे आणि आमची बेडरूम बरोबर पार्किंगवर आहे. रात्री कोणीतरी गाडी लावताना दोन मिनिटं गाणं संपेपर्यंत थांबतं, खिडकीची काच थरथरते आणि झोपवलेलं बाळ उठतं. परवा साडेअकराला झालं.

ए-२०३ : वहिनी ती माझीच गाडी असणार, सॉरी, खरंच लक्षात आलं नाही. आजपासून गेटच्या आत आलो की बंद.

सेक्रेटरी : नियमानेही रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५. सगळ्यांनीच पाळा. बाकी चर्चा चालू द्या, मलाही गाडीत करायचंय.

सी-३०४ : काका माझं वेगळंच दुखणं आहे. माझ्याकडे ॲम्प आहे पण ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईईई येतं, जितका वेग तितकं बारीक होत जातं. दुकानवाला म्हणतो ॲम्प बदला.

बी-५०२ : बदलू नका आत्ता. तो अल्टरनेटरचा आवाज आहे, वायरिंगमधून शिरतोय. दोन ठिकाणी बघा. एक म्हणजे बॅटरीची जाड वायर आणि गाण्याच्या आरसीए वायरी एकाच बाजूने एकाच पट्टीखालून नेल्यात का, नेल्या असतील तर एक डावीकडून एक उजवीकडून करा. दुसरं म्हणजे अर्थिंग, ॲम्पची गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. बहुतेक वेळा सीटच्या बोल्टखाली अडकवलेलं असतं, तिथे रंग असतो आणि तो बोल्ट सुरक्षेचा आहे, त्याला हात लावूच नये. जवळच चांगला जाड पत्रा बघून रंग खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा, तिथे रिंग घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस. अर्थिंगची वायर हातभर, दीड फुटाच्या आत.

सी-३०४ : बोल्टखालीच आहे, आत्ता जाऊन बघून आलो

बी-५०२ : मग रविवारी सकाळी दोघांचं एकदमच बघू, मी खाली येतो. ए-२०३ तुझ्या टचस्क्रीनला मागे आरसीए आहेत का?

ए-२०३ : नाहीत, कंपनीची आहे, फक्त स्पीकरच्या वायरी. वॉरंटी पण आहे अजून २ वर्षं.

बी-५०२ : मग हाय लेव्हल इनपुट असलेलाच ॲम्प घे, स्पीकरच्या वायरीच सरळ त्यात जातात. आणि गाडीच्या कपलरला बसेल असा तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, घ्यायचा, कंपनीची एकही वायर कापू द्यायची नाही, वॉरंटीचा वाद तिथेच सुरू होतो. क्लास डी घे, ८० टक्क्यांच्या वर वीज आवाजात जाते, गरम कमी होतो, सीटखाली मावतो. आपल्याकडे एप्रिल मेमधे उन्हात उभ्या गाडीत काय होतं माहितीये, क्लास एबी कार्पेटखाली दाबून बसवला तर तापून तापून बंद पडतो. पण सीटखाली थेट जमिनीवर ठेवू नकोस, पावसाळ्यात मॅटखाली पाणी जातं. बारक्या फळीवर दोन बोटं उचलून बसव.

ए-२०३ : चार चॅनल ७० आरएमएसचा क्लास डी बघितलाय, १४ हजार. मागच्या स्पीकरलाही देऊ ना मग?

बी-५०२ : देऊ नकोस, मागचे टचस्क्रीनवरच राहू देत, गाणं समोरून यायला हवं. ३ आणि ४ नंबरचे चॅनल मोकळे ठेव, पुढे कधी सबवूफर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा वेगळा मोठा स्पीकर, घेतलास तर ते दोन जोडून म्हणजे ब्रिज करून त्याला लागतील, फक्त सबवूफर ४ ओहमचा घ्यायचा, ब्रिज केल्यावर त्याखाली जायचं नाही. वायर विकत घेताना टोकाची एक तार चाकूने खरवड, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, सोडून दे. बाहेरून पांढरी आणि आत तांबडी असेल तर कलई केलेलं तांबं, ती उत्तम. तुला ८ गेज चालेल पण सबवूफरचा विचार असेल तर आत्ताच ४ गेज, म्हणजे त्याहून जाड, टाक, परत गाडी उघडायला नको. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज, हे विसरलास तर वायर कुठे घासून पत्र्याला लागली की गाडी पेटेल. याच्यावर मी कोणाचंच ऐकणार नाही, फ्यूज मी स्वतः बघितल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

ए-२०३ : नक्की काका. शनिवारी आणतो सगळं.

(रविवार, संध्याकाळी)

सी-३०४ : मंडळी माझं कुंईईई गेलं! फक्त अर्थिंग बदललं. खरवडल्यावर बघितलं तर जुन्या रिंगखाली रंगाचा पूर्ण थर तसाच होता, दीड वर्ष तसंच चाललं होतं. १० रुपयांचं काम

सेक्रेटरी : ए-२०३ चं काय झालं? मी देवळातून आलो तेव्हा दोघं गाडीत मीटर घेऊन बसला होतात

ए-२०३ : काकांनी ॲम्पवरचा गेन, म्हणजे टचस्क्रीनच्या आवाजाशी ॲम्पचा मेळ घालायचा खटका, लावायला शिकवलं. मला वाटायचं तो व्हॉल्यूमचाच दुसरा खटका, जेवढा फिरवू तेवढा आवाज. काकांनी आधी ॲम्पवरून स्पीकरच्या वायरी काढल्या, इक्वलायझर सगळा मधे आणला, पेनड्राइव्हवर १००० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि टचस्क्रीन ४० पैकी ३० वर. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ६० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ १५.५, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत हळूहळू गेन फिरवायचा आणि तिथे थांबायचं. जेमतेम अर्ध्यापाशी आला, मी तर पूर्ण फिरवून ठेवला असता. मग हाय पास ८० हर्ट्झवर, म्हणजे खालचा घुमणारा भाग दारातल्या वूफरवर येत नाही, आणि क्रॉसओव्हरच्या डबीत ट्वीटर वजा ३ डेसिबलवर कारण काचेजवळ टोचत होता.

डी-४०२ : आणि आवाज?

ए-२०३ : ताई गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. आईला पुढे बसवलं होतं, तिचा आवडता अभंग लावला. ती म्हणाली टाळ डावीकडे वाजतोय आणि पखवाज मधे, मागे माणसं बसल्यासारखी वाटतात. व्हॉल्यूम फक्त २२ होता. परत येताना तिने तोच परत लावायला सांगितला.

बी-५०२ : ट्वीटर अजून जरा आत वळवू, पुढच्या रविवारी बघू. फ्यूजवर टोपी बसवलीस ना?

ए-२०३ : बसवली काका. आणि सी-१०१ वहिनी, गेटलाच बंद केलं आज.

सी-१०१ : हो, गाडी आलेली कळलीच नाही, बाळ झोपलंय. थँक्यू दादा.