चिकन-बटाटा-चीज कॅसरोल : कधी जमलं, कधी फसलं?

मंगळवारची गोष्ट. साडेसहाला घरी आले, सात वाजता कॅसरोल (म्हणजे थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) ओव्हनमध्ये गेलं, पावणेआठला वरचं चीज असं काही फुगून सोनेरी झालं की लेक ताट घेऊनच ओट्यापाशी उभा. पहिला घास घेतला आणि कचकन आवाज. बटाटा कच्चा! चिकन शिजलेलं, चीज करपायच्या बेतात आणि मधल्या थरात बटाट्याच्या चकत्या मुळ्यासारख्या कचकचीत. शेवटी एकेकाचं ताट मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, जेवायला नऊ वाजले.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे या प्रकाराला हॉटडिश म्हणतात. ९×१३ इंची ट्रे, डब्यातलं क्रीम ऑफ मशरूम सूप (हे म्हणे १९३४ पासून बाजारात आहे) आणि वर टेटर टॉट्सच्या (किसलेल्या बटाट्याच्या छोट्या तळलेल्या वड्यांच्या) रांगा. शेजारच्या आजी डोळे मिटून करतात आणि कधी चुकत नाहीत. मला त्या सुपातलं मीठ सोसत नाही, म्हणून घरचा व्हाइट सॉस करते आणि तिथेच घोळ होतो.

रेसिप्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. काय बिघडलं आणि मग काय केलंत, ते या धाग्यावर लिहा.

दहीवाली

तुमच्यापेक्षा वाईट. मी आपलं देशी डोकं चालवलं. चिकन दही, आलं-लसूण आणि तिखटात मुरवलं, कच्च्या चकत्यांचे थर लावले, वरून उरलेलं दहीही ओतलं. सव्वा तास झाला तरी बटाटा दाद देईना. चुलतबहीण खाद्यतंत्रज्ञान शिकलीय, ती हसायलाच लागली. आंबटात बटाट्याचं पेक्टिन (त्याच्या पेशी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) लवकर विरघळत नाही, म्हणून तो टणकच राहतो. आई रस्सा करताना बटाटा शिजल्याशिवाय आमसूल का घालू द्यायची नाही, ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं! आता दही चिकनपुरतं. ते परतून कोरडं करते, मगच बटाट्याशी भेट.

पुण्याचा ओटीजी

आमच्याकडे मोठा ओव्हन नाही, ओट्यावरचा छोटा ओटीजी आहे, आणि खरं सांगायचं तर हवाय कशाला? अर्धा किलो बटाटे सालासकट कुकरमध्ये, एकच शिट्टी. तोवर कढईत कांदा, लसूण, सिमला मिरची आणि बोनलेस चिकनचे बोटभर तुकडे. दुसऱ्या गॅसवर सॉस : दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, मैद्याचा कच्चा वास गेला की पाऊण कप दूध थोडं थोडं करत. सगळं शिजलेलंच असतं, ओटीजीत फक्त रंग चढायला १५ मिनिटं. मी ऑफिसातून आल्यावर पाऊण तासात पानं घेतो.

फक्त चीजचं बघा. नेहमीच्या क्यूबचं चीज प्रोसेस्ड. वितळतं गुळगुळीत, पण तार येत नाही. मुलांना तार हवी असते, त्यामुळे अर्धं मोझरेला. नवे बटाटे मात्र घेऊ नका, चिकट होतात. जुनेच बरे.

एक बोट कमी

चकत्या किसणीच्या पात्यावर पातळ, तीन मिलिमीटर. शिजतात छान. बोट मात्र सांभाळा, मी तीन टाके घालून आलोय.

न्यू जर्सीतली सूनबाई

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना आराम म्हणून मी मोठ्या हौसेने कॅसरोल केलं. त्या शेजारी खुर्ची टाकून बघत होत्या. सॉस झाला, थर झाले, चीज पसरलं. ट्रे आत सरकवणार तेवढ्यात म्हणाल्या, "अगं, फोडणी कधी घालणार?" म्हटलं, आई, याला फोडणी नसते. त्या गप्प. पण ते गप्प बसणं तुम्हाला ठाऊक आहे.

जेवताना एकच वाक्य आलं, "आजारी माणसाला चांगलंय."

दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी मीटिंगमध्ये अडकले, तर स्वयंपाकघरातून चर्र आवाज आणि ठसका. आईंनी लोण्यात लसूण ठेचून, हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरं घालून त्यातच मैदा भाजला होता. चीज मात्र उकळत्या सॉसमध्ये टाकलं, त्यामुळे सॉस फाटला, रवाळ झाला, वर तूप तरंगलं. त्यांना वाटलं तर्री आली! (मुलांनी ती तर्री चाटूनपुसून खाल्ली, हेही सांगते.) आता फोडणीचा मैदा त्यांचा आणि गॅस बंद केल्यावर चीज घालायचं हा नियम माझा. पाकिटातलं किसलेलं चीजही बंद केलं. ते चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, सॉस हवा तसा गुळगुळीत होत नाही. वडी आणून स्वतः किसायची.

फुटलेली काच

काचेची डिश ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवली. फाट्! अख्खं जेवण काचांसकट कचऱ्यात. कोरडा जाड टॉवेल खाली घ्या, एवढंच सांगायचंय.

गुरुवार-शनिवार

आमच्यात दोघं हे दोन वार पाळतात. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये अर्धं चिकनचं, अर्धं बिनचिकनचं चालत नाही, ओघळ पलीकडे जातोच. दोन वेगळ्या डिश, एकीत पनीर-मटार.

रविवारी करून फ्रीझरमध्ये टाकायचा उद्योग करू नका. बटाटा पाणी सोडतो, भुसभुशीत होतो. नुसता सॉस आणि शिजलेलं चिकन फ्रीजमध्ये दोन दिवस झाकून नीट राहतं, बटाटा त्या दिवशीच. उरलेलं दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून डब्यात, हे आमच्याकडे मूळ पदार्थापेक्षा लोकप्रिय.

जर्मनीतला विद्यार्थी

इथे याचा चुलतभाऊ म्हणजे कार्टोफेलआउफलाउफ. कँटीनमध्ये मिळतो. माझा पहिला प्रयत्न लापशी झाला, कारण बटाट्याच्या पिशवीवर लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. 'मेलिशकोखेंड' म्हणजे पिठूळ, कुस्करायला ठीक. चकत्यांना 'फेस्टकोखेंड' हवा, तो आकार सोडत नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे लापशीच खाल्ली, वर चिली फ्लेक्स मारून. रूममेट म्हणाला, उत्तम सूप आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं आणि काल परत केलं. बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात सात मिनिटं उकळून घेतल्या, जिऱ्या-लसणाच्या लोण्यात मैदा, गॅस बंद करून चीज. २०० अंश सेल्सिअसला फॉइल लावून २५ मिनिटं, मग फॉइल काढून दहा. चिकनमध्ये थर्मामीटर खुपसला, १६५ फॅरनहाइट हवं होतं, १७१ दाखवलं. आठला पाच कमी असताना जेवायला बसलो. सुरी बटाट्यातून अलगद गेली.

भांडण झालं ते कोपऱ्यांवरून. करपट चीजचे कोपरे चार आणि त्यातले दोन लेकाने आधीच कोरून नेलेले. नवऱ्याचं म्हणणं, पुढच्या वेळी दोन छोट्या डिश लाव, आठ होतील.