स्पेन सहल: लेकीसाठी 'खेळाडूंचा' एक दिवस, कुठे जावं? (बजेट २५० युरो)

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं स्पेनला निघालोय: मी, नवरा, लेक (वय १२) आणि सासरे (७४). बार्सिलोनात पाच रात्री, मग रेल्वेने माद्रिद, तिथे चार. चर्च, राजवाडे, चित्रं हे सगळं नवऱ्याने एक्सेलमध्ये बसवलंय. बार्सिलोनातला एक दिवस मात्र लेकीचा. ती बॅडमिंटन खेळते आणि तिच्या खोलीत कॅरोलिना मारिनचं पोस्टर आहे. सिंधूला हरवणारीचं पोस्टर आपल्या घरात का, यावर आजोबा-नातीचं रोज वाजतं. तिला स्पेनच्या ऑलिंपिक पदकवाल्यांशी संबंधित काहीतरी बघायचंय. संग्रहालय, स्टेडियम, गाव, काहीही चालेल.
अटी: सकाळी जाऊन रात्री परत. चौघांचे मिळून, प्रवास धरून २५० युरो. सासऱ्यांना फार चढ नको. आणि प्लीज, फुटबॉल सुचवू नका.

टवाळ_पेठकर
कॅम्प नौ.

मृण्मयी_कोथरूड
@टवाळ_पेठकर, फुटबॉलचं मैदान? शेवटची ओळ वाचलीत का?

टवाळ_पेठकर
वाचली. तरी कॅम्प नौ.

राफाभक्त
डोळे झाकून मानाकोर. मायोर्का बेटावर टेनिसवाल्या नदालचं गाव. त्याची अकादमी तिथेच आहे आणि अकादमीतच संग्रहालय. रोलां गॅरोसचे (फ्रेंच ओपनचे) १४ चषक सगळ्यांना पाठ असतात, पण २००८ ला बीजिंगमध्ये गोन्झालेझला हरवून मिळवलेलं एकेरीचं सुवर्ण आणि २०१६ ला रिओत मार्क लोपेझबरोबरचं दुहेरीचं सुवर्ण लोक विसरतात. मुलीला आवर्जून सांगा: हा माणूस जेवतो-लिहितो उजव्या हाताने आणि खेळला आयुष्यभर डावखुरा. तुमची मारिनही डावखुरीच.
बार्सिलोना ते पाल्मा विमान तासाभराचंसुद्धा नाही. पाल्म्याहून गाडी भाड्याने घ्या. आम्ही तिथे राहिलोही होतो, समुद्राकाठी. २५० युरोत बसणार नाही, पण असल्या गोष्टीत पैसे मोजायचे नसतात.

मृण्मयी_कोथरूड
मोजायचे आहेत हो. म्हणूनच कंसात लिहिलं.

शून्यशिल्लक
त्या स्वस्त विमानांच्या नादी लागू नका. आमच्या एका प्रवासात (कंपनीचं नाव घेत नाही) पाठीवरची सॅक त्यांच्या लोखंडी मापात बसेना. चाक किंवा हँडल बाहेर आलं असतं तर समजू शकतो, पण आत नुसत्या भाकरवडीच्या पुड्या होत्या! दाराशी उभं करून तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतले. बायको अजून ऐकवते.

चिंगी
भाकरवडी मापात बसत नाही, पोटात बसते. तिथेच खाऊन टाकायची.

शून्यशिल्लक
अर्धी तिथेच खाल्ली. तरी बसेना.

वसईकर_अण्णा
मुद्द्यावर येऊ. मोंजुइक टेकडी. शहरातच आहे, विमान नको की गाडी नको. टेकडी म्हटल्यावर सासऱ्यांची काळजी नको, प्लासा एस्पान्याहून वरपर्यंत सरकते जिने आहेत. तेही नको असतील तर १५० नंबरची बस.
१९९२ चं ऑलिंपिक स्टेडियम तिथेच (मूळ बांधकाम १९२९ च्या प्रदर्शनाचं). ऑलिंपिक आणि खेळांचं संग्रहालय समोर. जायच्या आधी उघडं आहे का ते बघून घ्या, सोमवारच्या भरवशावर तर राहूच नका. शेजारी पालाऊ सांत जोर्दी हा बंदिस्त हॉल आहे. २०१३ ला तिथेच तात्पुरता तलाव बांधून जागतिक जलतरण स्पर्धा झाली आणि मिरेया बेलमोन्तेने तीन पदकं घेतली. ती बार्सिलोनाजवळच्या बादालोनाची. रिओत २०० मीटर बटरफ्लायचं सुवर्णही तिचंच. खालच्या अंगाला डायव्हिंगचा तलाव आहे. उडी मारणाऱ्याच्या मागे अख्खं शहर दिसतं, तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणार.
आणि स्टेडियममध्ये उभं राहून मुलीला फर्मिन काचोची १५०० मीटर शर्यत मोबाईलवर दाखवा. सोरिया प्रांतातल्या आग्रेदा गावचा पोरगा. शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे निघून गेलाय आणि सारखा मान वळवून मागे बघतोय, कुणी येतंय की काय! कुणीच नव्हतं. वेळ ३:४०.१२, म्हणजे तशी संथच शर्यत, पण सुवर्ण ते सुवर्ण. त्या वर्षी स्पेनने २२ पदकं घेतली, त्यांतली १३ सुवर्ण. आधीच्या सेऊलला मोजून चार होती. घरचं मैदान म्हणून काही वर्षं आधीपासून खेळाडूंना पगारासारखे पैसे द्यायला लागले होते, त्याचं फळ.
एकूण खर्च १०० युरोच्या आत. उरलेल्यात जेवा.

राफाभक्त
संग्रहालयच बघायचं तर मानाकोरचं जास्त चांगलं आहे.

कुतूहल
रच्याकने (म्हणजे जाता जाता), १९९२ ची ज्योत धनुष्यबाणाने पेटवली होती ना? तो बाण म्हणे कुंडात पडलाच नव्हता.

वसईकर_अण्णा
पडायचा नव्हताच. कुंडातून गॅस सोडलेला होता, बाणाने त्यावरून जाताना तो पेटवायचा आणि पलीकडे पडायचं, असंच ठरलेलं. कुंडातच पाडायचा ठरवला असता आणि नेम चुकला असता तर प्रेक्षकांत गेला असता. मारणारा आंतोनियो रेबोयो, स्वतः पॅरालिंपिक पदकविजेता तिरंदाज. लहानपणी पोलिओ झालेला.

कुतूहल
म्हणजे फसवणूकच की.

वसईकर_अण्णा
पेटलं ना? मग फसवणूक कसली?

कुतूहल
अर्जुनाने डोळ्याऐवजी झाड पेटवलं असतं तर चाललं असतं का?

संपादक_मंडळातला_एक
बाणाचा विषय इथेच थांबवा. नवा धागा काढा.

हॉकीवाले_नाना
सासऱ्यांचं वय ७४ म्हणताय. त्यांना विचारा, मॉस्को १९८० आठवतंय का? अंतिम सामना भारत विरुद्ध स्पेन, ४-३. शेवटची मिनिटं रेडिओ ऐकवत नव्हता. स्पेनचा हुआन आमात एकटा झुंजत होता. आपलं सुवर्ण, त्यांचं रौप्य. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा तेच दोघे, २-१, हरमनप्रीतचे दोन गोल. म्हणून म्हणतो, तेरासाला जा. बार्सिलोनाहून लोकलने तासाभरात. स्पॅनिश हॉकीची पंढरी. १९९२ ची हॉकी तिथेच झाली आणि स्पेनच्या बायकांनी जर्मनीला जादा वेळेत २-१ हरवून सुवर्ण घेतलं. त्या संघाकडून तेवढी अपेक्षा कुणाचीच नव्हती.

स्मॅशर_डोंबिवली
अहो, मुलगी बॅडमिंटन खेळते आणि तुम्ही सगळे हॉकी-टेनिस काय लावलंय?
मारिनबद्दल मी सांगते. गाव वेल्वा, पार नैर्ऋत्य टोकाला. लहानपणी फ्लामेंको नाचायची, मैत्रिणीमुळे रॅकेट हातात आली. १४ व्या वर्षी घर सोडून माद्रिदच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात. ज्या देशात बॅडमिंटनला कुत्रं विचारत नाही तिथून तीन वेळा जगज्जेती: २०१४, २०१५, २०१८. २०१५ ला सायनाला हरवून, २०१८ ला सिंधूला. रिओचा अंतिम सामना पहिला गेम सिंधूने २१-१९ घेतल्यावर पुढचे दोन २१-१२, २१-१५. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी परत आली. पॅरिसच्या उपांत्य फेरीत पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे होती आणि उजवा गुडघा गेला. समोरची चिनी खेळाडू ही बिंगजियाओ, तिने नंतर पदक घेताना हातात स्पेनचा बिल्ला धरला होता. तो फोटो बघून मी ऑफिसात रडले.
आणि ती आपल्या पुण्याचीही आहे हं. पीबीएलच्या (प्रीमियर बॅडमिंटन लीग) २०१८-१९ च्या हंगामात पुणे सेव्हन एसेसकडून खेळली होती.
तर वेल्व्याला जाऊ नका. तिच्या नावाचा क्रीडा हॉल आहे, पण काही स्पर्धा नसेल तर बाहेरची पाटी वाचून परत. माद्रिद ते सेविया अडीच तास, पुढे अजून दीडेक. बार्सिलोनाहून तर विचारूच नका.

पुसारलावादी
गुणवान आहे, मान्य. पण ओरडते किती! प्रत्येक पॉइंटला. २०२३ च्या डेन्मार्क ओपनला पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं होतं.

स्मॅशर_डोंबिवली
दोघींना दाखवलं होतं. सिंधूलाही. अर्धं सांगू नका.

पुसारलावादी
सुरुवात कुणी केली?

जाई_फ्रँकफर्ट
मी कामिनोची पदयात्रा करताना पोनफेरादाच्या पुढे कांपोनाराया गावातून गेले होते. तिथली लिडिया वालेन्तिन, वेटलिफ्टर. वजन उचलून खाली ठेवलं की दोन्ही हातांनी बदाम करून दाखवायची ती. बीजिंगला पाचवी, लंडनला चौथी. मग वर्षांनी जुने नमुने पुन्हा तपासले, वरच्या बायका उत्तेजकांत सापडल्या आणि हिला घरबसल्या बीजिंगचं रौप्य आणि लंडनचं सुवर्ण! मंचावर उभं राहून मिळालेलं एकच, रिओचं कांस्य. उंच उडीवाल्या रुथ बेइतियाचंही लंडनचं कांस्य असंच मागून आलं. पण रिओत ३७ व्या वर्षी तिने सुवर्ण घेतलंच. गाव तुमच्या वाटेवर नाही, पण पायातले फोड सोडले तर प्रदेश सुंदर आहे.

भुसावळचा_गार्ड
बार्सिलोना-माद्रिद गाडी सारागोसावरून जाते. तिकीट तोडून घ्या, मध्ये चार तास उतरा. तेरेसा पेरालेस तिथली. १९ व्या वर्षी पायांतली ताकद गेली, त्यानंतर पोहायला शिकली. सिडनी २००० पासून पॅरिस २०२४ पर्यंत २८ पॅरालिंपिक पदकं. फेल्प्सचीही ऑलिंपिकमध्ये २८ च. हिच्याबद्दल इथे कुणी एक अक्षर लिहिलं नाही याचं नवल वाटतं.

राफाभक्त
अल्काराझचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? पॅरिसला रौप्य. अर्थात नदालची सर नाहीच.

नवा_चेंडू
येईल सर. थोडं थांबा.

कातालान_कुलकर्णी
मी इथे बार्सिलोनात नोकरीला आहे. मोंजुइकला अनुमोदन, पण ते तसंही तुमच्या सहलीत येईलच. मुलगी धडपडी असेल तर ला सेउ दुर्जेल बघा. पिरेनीजमध्ये, अँडोराच्या रस्त्यावर. १९९२ चं कयाक स्लॅलम (खळाळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत) तिथे झालं. सेग्रे नदीचं पाणी वळवून खळाळ तयार केलाय. खाली पोचल्यावर नाव उचलायची नाही, सरकत्या पट्ट्यावर नावेत बसल्या बसल्याच माणूस पुन्हा वर येतो. मायालेन चौरौतने तिथेच सराव केला. लंडन कांस्य, रिओ सुवर्ण, टोकियो रौप्य. रिओचं सुवर्ण मुलगी झाल्यानंतरचं आणि टोकियोला ती ३८ ची होती. प्रशिक्षक नवराच. नवऱ्याचा आधीचा मुलगा पाउ एचानिस, त्याला पॅरिसला कांस्य. घरातच पदकांचं दुकान. सामान्य लोकांनाही तिथे राफ्टिंग करू देतात. वयाची अट आणि दर आधी फोन करून विचारा. बस नॉर्द स्थानकावरून, जायला तीन-साडेतीन तास.

वसईकर_अण्णा
जाऊन-येऊन सात तास बसमध्ये? ७४ वर्षांच्या माणसाला घेऊन? मोंजुइक.

प्राची_ठाणे
मोंजुइक +१. सरकते जिने आहेत.

चिंगी
मोंजुइकला सरकते जिने आहेत, मी हेच लिहायला आले होते.

शून्यशिल्लक
बसमध्ये पाकीट सांभाळा. मेट्रोत जास्त सांभाळा.

मृण्मयी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. काल रात्री धागा घरी मोठ्याने वाचला. लेकीने चौरौतची रिओची शर्यत लावली आणि लागोपाठ तीन-चार वेळा बघितली. मारिनबद्दल तिचं म्हणणं, "तिच्या हॉलचं कुलूप बघून काय करू?" त्यामुळे ला सेउ. मी आणि ती जाणार. फोन केला, वयात बसते. दोघींचा बसखर्च आणि राफ्टिंग धरून पैशात कसंबसं बसतंय.
नाना, तुमचा प्रतिसाद वाचून सासरे उठून बसले. आमातचं नाव त्यांनी माझ्या आधी उच्चारलं. ते आणि नवरा त्या दिवशी तेरासाला जाणार. एक्सेलमधलं एक चर्च रद्द झालंय.

वसईकर_अण्णा
मोंजुइक नाही? एवढं लिहिलं मी.

मृण्मयी_कोथरूड
अण्णा, पोचल्या दिवशी संध्याकाळी जाऊ. काचोची शर्यत मोबाईलवर उतरवून ठेवलीये.

हॉकीवाले_नाना
सासऱ्यांना माझा नमस्कार. मैदानावर कुणी म्हातारा भेटला तर १९८० चा स्कोअर त्याला सांगू नका, जेवायला घालणार नाही.

राफाभक्त
परतीच्या विमानाला पाल्म्याचा थांबा मिळतो का ते तरी बघा.

टवाळ_पेठकर
आणि कॅम्प नौ?