'निमूटपणे' आज्ञा पाळली की 'मनोभावे'?

प्रश्न

अब्राहामावर एक छोटं प्रवचन लिहिते आहे. त्यात वाक्य आलं : "मुलाचं होमार्पण कर, ही देवाची विचित्र आज्ञा अब्राहामाने निमूटपणे पाळली." वाचून दाखवलं तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी 'निमूटपणे'वर थांबवलं. म्हणाल्या, "निमूट बसतं ते मार खाल्लेलं पोर. अब्राहाम निमूट नव्हता." पटलं, पण दुसरा शब्द सुचत नाही. 'मनोभावे' लिहू का? आणि देवाच्या आज्ञेला 'विचित्र' म्हणावं का?

उत्तर

त्या बाईंचं बरोबर आहे. 'निमूटपणे', 'मुकाट्याने' या शब्दांत माणसाचं तोंड बंद झालेलं दिसतं, मन कुठे आहे ते कळत नाही. पुष्कळदा ते विरोधातच असतं, फक्त इलाज उरलेला नसतो.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 22 वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचा. अब्राहाम तिथे तीनदा एकच हिब्रू शब्द बोलतो : 'हिनेनी'. देवाने हाक मारली तेव्हा, वाटेत त्या मुलाने, इसहाकाने, "बाबा" म्हटलं तेव्हा, आणि सुरी उचलल्यावर दूताने हाक मारली तेव्हा. त्याचा अर्थ 'हा मी इथे आहे'. आपल्याकडे त्याच्या अगदी जवळ जातं ते 'ओ देणं'. ज्याने देवाच्या हाकेला ओ दिली, त्यानेच त्याच शब्दात मुलाच्याही हाकेला ओ दिली. असा माणूस निमूट कसा? शिवाय सदोम शहराचा नाश टळावा म्हणून, तिथे किती नीतिमान माणसं पुरतील यावर देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करणारा हाच अब्राहाम. बोलायला तो कचरत नव्हता. म्हणून इथे त्याने वाद घातला नाही याला वजन आहे, आणि 'निमूटपणे' ते वजनच काढून घेतो.

आता क्रियापद. 'आज्ञा पाळली' चुकीचं नाही. 'पाळणे'मध्ये जपणं आहे, सांभाळणं आहे. आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो. 'आज्ञा झेलली' म्हटलं तर तत्परता येते, पण हुजऱ्याचा वासही येतो. मला विचाराल तर सगळ्यात साधं क्रियापद घ्या : ऐकणे. मराठीत 'त्याचं बोलणं ऐकलं' म्हणजे कानांवर पडलं. 'बोलणं' गाळून 'त्याचं ऐकलं' म्हटलं की तसं केलं. "पोरगं माझं ऐकतच नाही" म्हणणाऱ्या आईला मुलाच्या कानांची काळजी नसते. हिब्रूतल्या 'शमा' या धातूतही ऐकणं आणि मानणं असंच एकत्र नांदतं, आणि त्याच अध्यायाच्या 18 व्या ओवीत देव अब्राहामाला जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ 'तू माझा आवाज ऐकलास' असाच आहे. इतकं सरळ जुळणारं क्रियापद आपल्या घरात असताना 'आज्ञापालन' हा कवायतीच्या मैदानावरचा शब्द कशाला?

'विचित्र'बद्दल थोडक्यात. संस्कृतात त्याचा अर्थ रंगीबेरंगी, आश्चर्यकारक. आजच्या मराठीत मात्र तो नाक मुरडूनच उच्चारला जातो. 'विलक्षण' जरा कौतुकाचा आहे. इथे 'अनाकलनीय' नेमका बसतो, कारण न समजणं माणसाच्या बाजूला राहतं.

त्यावर एक शंका

'मनोभावे' म्हणजे प्रश्न न विचारता, असं धरायचं का? मग कोड झालेल्या नामान सेनापतीचं काय? बरं व्हायला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार असा संदेष्ट्याचा निरोप आल्यावर तो रागाने परत निघाला होता. चाकरांनी समजूत घातली तेव्हा कुठे उतरला.

उत्तर

नामानासाठी 'मनोभावे' मी लिहिणार नाही. 'अखेर ऐकलं', एवढंच. तो बरा झाला तो ऐकल्यामुळे. मन त्याचं नदीतून वर आल्यानंतर वळलं.

पण 'मनोभावे'मध्ये प्रश्नाला जागा नाही, हे मला मान्य नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय बघा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे, आणि देव सांगतो, तुझ्या अनाथोथ गावातलं शेत विकत घे. शत्रूच्या घशात चाललेल्या मुलखातलं शेत! तो घेतो. 17 शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घेतो, मोहोरबंद खत आणि उघडी प्रत दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हातात देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. व्यवहारात एक कागद कमी नाही. आणि हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थनेला लागतो : शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस!

प्रश्न आहेच, फक्त तो खरेदीखतानंतर येतो. अर्धं मन बाजूला ठेवणारा माणूस भांड्याची आठवण ठेवत नाही. मला 'मनोभावे' या शब्दाचा अर्थ त्या भांड्यात दिसतो.

आणखी एक भर

'श्रद्धेने' की 'विश्वासाने' हेही लेखिकेने ठरवावं. मराठी पवित्र शास्त्रात 'विश्वास' रुळला आहे. मूळ हिब्रू 'एमुना' हा शब्द 'आमेन'च्याच धातूतला, अर्थ पक्केपणाचा. निर्गम या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात लढाई चालू असताना अहरोन आणि हूर यांनी मोशेचे वर उचललेले हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले, तेव्हा ते हात 'एमुना' राहिले, म्हणजे स्थिर राहिले. म्हणून मी तरी 'अढळ विश्वासाने' म्हणेन, 'आंधळ्या' तर मुळीच नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ते वाक्य मी मोडलं. आता असं लिहिलंय : "आज्ञा अनाकलनीय होती. अब्राहामाने देवाचं ऐकलं. सकाळी लवकर उठून त्याने गाढवावर खोगीर घातलं आणि होमासाठी लाकडं फोडली." 'मनोभावे' घालून पाहिलं आणि काढून टाकलं, लाकडं फोडण्यातच ते आलंय असं वाटलं.